खालीवर भोंगा

‘मी बघतो’ हे वाक्य आमच्या घरात मी नेहमी म्हणतो आणि त्याचा अर्थ ‘मी बघणार नाही’ असा होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नळ गळतोय, मी बघतो. कपाटाचं दार लागत नाही, मी बघतो. यात कोणाची फसवणूक होत नाही. तेव्हा विजया (ही माझी पत्नी) गवार मोडता मोडता म्हणाली, "कमूच्या हळदीला वाजपाचं काय करायचं, बाबा विचारत होते," आणि मी वर्तमानपत्रातून डोकं न काढता "मी बघतो" म्हणालो, तेव्हा विषय तिथेच मिटायला हवा होता.

मिटला नाही, कारण मैनाआत्या घरात होती. विजयाची ही आत्या चिंचणीहून बोईसरला डोळे दाखवायला आली होती. तिला दिसतं कमी, पण ऐकू फार चांगलं येतं. माझं वाक्य तिने संध्याकाळच्या एसटीने चिंचणीला नेलं. वाटेत त्याला पालवी फुटली असावी. "शांताराम बोईसरवरून कायतरी मोठं आनतोय," असं होऊन ते सासऱ्यांच्या ओटीवर उतरलं, आणि सासऱ्यांनी शेजारच्या मुरबे गावच्या बेंजो पार्टीला ‘येऊ नका’ म्हणून निरोप धाडला. निदान मला तरी तसं कळवण्यात आलं.

आता आमच्या भागात हळद म्हणजे अर्धं लग्न. जेवण कमी पडलं तर लोक समजून घेतात, पण वाजप, म्हणजे नाचायला वाजंत्री, नसेल तर नातवंडांपर्यंत बोलून दाखवतात. विजया म्हणाली, "मी बाबांना शब्द दिलाय. आता काही आणलं नाहीत ना, तर मी माझ्या सख्ख्या भावाच्या हळदीत तोंड दाखवणार नाही." हे ती शांतपणे म्हणाली. विजया रागावली की तिचं माहेर बाहेर येतं, ‘नाही’चं ‘नाय’ होतं, आणि मग मला धीर येतो. शांतपणे, शुद्ध बोलली की मला भीती वाटते.

शिवाय माझंही त्यात काही होतं. माझ्या सासुरवाडीला माझा मान मोठा आहे. पहिल्या पंगतीत पाट, ताटात सर्वांत मोठी पापलेटची तुकडी, अंघोळीला आधी पाणी. फक्त माझं कोणी ऐकत नाही. एकदा विहिरीवरचा पंप बंद पडला तेव्हा मी म्हणालो, "फ्यूज उडालाय." सगळे आदराने ‘हो हो’ म्हणाले आणि त्यांनी वायरमनला बोलावलं. वायरमन म्हणाला, फ्यूज उडालाय. त्यावर सासरे, म्हणजे धर्माजी, चिकूच्या झाडाला टेकून म्हणाले, "बगा, मान्साला अक्कल हाय." तो माणूस मी नव्हतो. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी त्या घराने माझं एक वाक्य मानलं असं घडलं नव्हतं आणि ते एकदा तरी घडावं अशी माझी फार इच्छा होती.

मी बोईसरच्या एका केमिकल कंपनीत टाइम ऑफिसात कारकून आहे. कोण किती वाजता आला, कोण उशिरा आला, हे मी लिहितो (मी स्वतः उशिरा आलो तर ते लिहायला कोणी नसतं). तिथे मेंटेनन्समध्ये एक फिटर आहे. तो काही वर्षं मस्कतला होता आणि अजूनही प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू करतो, म्हणून त्याला सगळे मस्कतवाला म्हणतात. त्याला मी माझी अडचण सांगितली.

"मस्कत में," तो म्हणाला, "शादी में डीजे होता है."

"वो क्या होता है?"

"डिस्क जॉकी. एक आदमी मशीन के सामने खड़ा रहता है, और सब नाचते हैं."

"तो बजाता क्या है?"

"खुद कुछ नहीं बजाता. दूसरों का बजाया हुआ बजाता है."

हे काम मला जमण्यासारखं वाटलं. टाइम ऑफिसात मी साधारण तेच करतो.

दुसऱ्या दिवशी त्याने मला लुंगीत गुंडाळलेला एक कीबोर्ड आणून दिला. लहान मुलाच्या पाळण्याएवढा, काळा, वर चार रबरी बटणं. त्यांच्याशिवाय कडेचं एक बटण दाबलं की आतून आपोआप डिस्कोचा ठेका सुरू व्हायचा, धप् चिक्, धप् चिक्, आणि तो थांबवायला तेच बटण पुन्हा दाबावं लागायचं, हे मला घरी गेल्यावर बऱ्याच उशिरा कळलं. "और खास बात," मस्कतवाला म्हणाला, "इसमें सॅम्पल ले सकते हैं."

आमच्या कंपनीत सॅम्पल तपकिरी बाटलीत घेतात, तिला चिठ्ठी लावतात आणि लॅबमध्ये पाठवतात. लॅब ते नापास करते. त्यामुळे मी विचारलं, "किसका सॅम्पल?"

"किसी का भी."

"बाटली कुठाय?"

त्याने कपाळाला हात लावला. मग मला समजावलं की या यंत्राला एक छोटा माइक आहे, त्यापुढे कुठलाही आवाज काढायचा, एवढासा, शिंक येते तेवढ्या वेळाचा, आणि तो रबरी बटणात जाऊन बसतो. मग बटण दाबलं की आवाज बाहेर. कीबोर्डच्या पट्ट्या दाबल्या की तोच आवाज बारीक किंवा जाड. "बस, दो बात. पानी से दूर रखना. और बंद मत करना. बंद किया तो सब सॅम्पल खल्लास."

मी त्या रविवारी चिंचणीला जाऊन सासऱ्यांना बातमी दिली. ते वाडीत नारळ सोलत होते.

"बाबा, मी डीजे आणतोय. म्हणजे डिस्क जॉकी."

"जॉकी?" सासऱ्यांनी नारळ खाली ठेवला. "तो घोड्यावर बसतो तो?"

"तो वेगळा."

"मंग घोडा नाय?"

"घोडा नाही."

"जॉकी हाय आनि घोडा नाय." त्यांनी दोन बोटांवर हिशेब केला. "बरा. घोड्याचा आमी बगतो. तुमी करनार काय?"

मी त्यांना सॅम्पल समजावून सांगितलं. "कुठल्याही आवाजाचा एवढासा तुकडा घ्यायचा, आणि मग तोच पुन्हा पुन्हा वाजवायचा."

"किती वेळा?"

"हवा तितक्या वेळा."

"लोक कंटाळत नाय?"

"उलट नाचतात."

सासऱ्यांनी मान डोलावली आणि नारळ पुन्हा हातात घेतला. माझं बोलणं त्यांना पटलं असं मी धरून चाललो.

पुढचे दिवस मी घरात सॅम्पल घेत हिंडलो. पहिलं घेतलं कुकरच्या शिट्टीचं. दुसरं नवसीचं. नवसी मुरब्याची, आमच्या कॉलनीत डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकते, आणि तिची हाक तिसऱ्या मजल्यावरच्या बहिऱ्या माणसालाही खाली आणते. "घ्या वो बोंबीऽऽल!" मी जिन्यात दडून ती हाक पकडली. मग सराव म्हणून रात्रीच्या जेवणाआधी ती बटणावर वाजवून बघितली. शेजारची बाई ताट घेऊन जिन्यात आली. मी पुन्हा वाजवलं, वरच्या मजल्यावरची आली. तिसऱ्यांदा विजया स्वतः पिशवी घेऊन खाली गेली आणि रिकामी परत आली, तेव्हा ती "नवसी कुठं गेली बाय, कळत नाय," असं म्हणाली, म्हणजे रागावली होती.

तिसरं सॅम्पल चुकून झालं. मी ‘वन, टू, थ्री’ असा रुबाबदार आवाज काढायला माइक सुरू केला आणि नेमकं त्याच वेळी विजया स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, दूध उतू गेलं!" तेच आत जाऊन बसलं. दूधही गेलं होतं.

एक बटण उरलं. मस्कतवाल्याने त्याच्याकडची एक कॅसेट ऐकवली. तिच्यात दर थोड्या वेळाने पोलिसांच्या गाडीसारखा सायरन वाजायचा आणि माणसं आनंदाने किंचाळायची. "डिस्को में सायरन के बिना मज़ा नहीं," तो म्हणाला. सायरन आमच्या कंपनीतच होता. मराठीत आम्ही त्याला भोंगा म्हणतो. शिफ्ट सुटण्याच्या वेळी मी कीबोर्ड पोटाशी धरून भोंग्याच्या खांबाखाली उभा राहिलो (गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "साहेब, पोटात दुखतंय का?") आणि चौथं बटण भरलं.

इथे भोंग्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. कंपनीचा शिफ्टचा भोंगा सरळ असतो, एका सुरात, लांब. धोक्याचा भोंगा खालीवर असतो, वर जातो, खाली येतो, पुन्हा वर. वायू सुटला, आग लागली, तर तो वाजवायचा. त्यासाठी कंपनीने आसपासच्या गावांत शाळांवर भोंगे बसवले होते आणि त्या मार्चमध्ये, सुरक्षा सप्ताहात, लोकांना शिकवायला एक माणूस पाठवायचा ठरवला. सेफ्टी ऑफिसर केरळचे, त्यांचं मराठी ऐकून लोक हसत. म्हणून चिंचणीच्या बाजूला, ‘तुमची सासुरवाडी आहे’ म्हणून मला पाठवण्यात आलं.

मी सासऱ्यांच्याच ओटीवर उभं राहून बोललो होतो. खाली अंगणात सगळी आळी बसली होती. मी सांगितलं, भोंगा खालीवर वाजला की घरात जायचं, दारं-खिडक्या लावायच्या, नाकाला ओला फडका लावायचा. सरळ, लांब भोंगा वाजेपर्यंत दार उघडायचं नाही. "मधे कोणी आलं आणि म्हणालं, काही नाही, या बाहेर, तरी विश्वास ठेवायचा नाही. सरपंच सांगो, तहसीलदार सांगो, मी सांगो. मी स्वतः येऊन दार वाजवलं तरी उघडायचं नाही!" हे शेवटचं मी जोर यावा म्हणून घातलं होतं.

"तुमचा तसाबी कोन ऐकतो," मैनाआत्या म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो. मग नऊवारीतल्या बायकांनी पदर ओले करून दोनदा सराव केला आणि चहा झाला.

हळदीच्या दिवशी दुपारी मी आणि विजया एसटीने निघालो. कीबोर्ड चालू ठेवायचा होता, म्हणून तो बॅटरीवर चालू अवस्थेत माझ्या मांडीवर होता. वळणावर गाडीला धक्का बसला, कोपर बटणावर पडलं आणि माझ्या मांडीतून नवसी ओरडली. पुढच्या बाकावरचे गृहस्थ मागे वळले आणि बोंबील ओला की सुका असं विचारू लागले. विजयाने खिडकीतून बाहेर बघितलं ते चिंचणी येईपर्यंत.

मांडव छान घातला होता. आंब्याच्या डहाळ्या, केळीचे खांब, आणि मांडववाल्याने घराशेजारच्या नारळावर लाउडस्पीकरचा कर्णा चढवला होता. (त्यालाही आमच्याकडे भोंगाच म्हणतात. पुढे जे झालं त्यात मराठी भाषेचाही थोडा दोष आहे.) कर्ण्याची वायर माझ्या कीबोर्डला जोडली. माझ्यापुढे टेबल, टेबलावर चादर, अंगात सफारी. सासूबाईंनी, जयवंतीबाईंनी, कौतुकाने माझ्याकडे बघितलं आणि "जावयबापू, बसा तरी," म्हणाल्या. डीजे उभाच राहतो, असं मी त्यांना सांगितलं.

दिवेलागणीला हळद सुरू झाली. कमलाकांत, म्हणजे कमू, पाटावर बसला. बायका त्याला हळद लावू लागल्या, म्हाताऱ्या गाणी म्हणू लागल्या. वाडीत कामाला असलेला देवू बैलगाडीतून पाण्याची पिंपं घेऊन आला होता, त्याची बायको भागी चुलीशी होती. मी ठेका सुरू केला. धप् चिक्, धप् चिक्. नारळावरून आवाज आला तसे सगळे दचकले आणि मग खूश झाले. पोरं नाचू लागली. मी कुकरची शिट्टी टाकली, लोक हसले. सासरे ओटीवरून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क नाराजी नव्हती. विजया हळदीची वाटी हातात घेऊन माझ्याकडे बघून हसली. ते हसू बघून मला खरोखर फार बरं वाटलं. बोईसरचा कारकून शांताराम आज कोणीतरी आहे असं वाटलं.

अशा वेळी माणसाने थांबावं. मी भोंगा टाकला.

नुसतं बटण दाबलं असतं तर ‘भों’ एवढंच वाजलं असतं. पण मला कॅसेटमधल्यासारखं हवं होतं, म्हणून मी एक बारीक पट्टी आणि एक जाड पट्टी आलटून पालटून दाबू लागलो. सरळ भोंग्याचे तुकडे वर-खाली, वर-खाली होऊन नारळाच्या शेंड्यावरून आळीभर घुमले. बोटांत अशी सफाई येईल असं मला स्वतःला वाटलं नव्हतं. मी डोळे मिटून वाजवत होतो.

डोळे उघडले तेव्हा मांडवात कोणी नव्हतं.

म्हणजे शेवटचे चौघे जात होते. कमूला हळदीच्या अंगाने एकटं सोडू नये आणि पाटावरून उठवू नये अशी रीत, म्हणून त्या चौघांनी त्याला पाटासकट उचलला होता. पिवळाधमक कमू मिरवणुकीतल्या देवासारखा उंबऱ्यातून आत गेला, दार लागलं, आतून अडसर पडला. मग शेजारच्या घराचं दार लागलं, मग त्याच्या पलीकडचं. खिडक्या धडाधड बंद झाल्या. देवूची बैलगाडी बोळाच्या तोंडाशी आडवी तशीच राहिली, बैलांना मात्र तो सोडून घेऊन गेला होता. इतकी शिस्त मी कंपनीतही बघितलेली नाही.

मी ओटीवर चढून दार वाजवलं. "बाबा! उघडा! काही नाही झालेलं!"

आत कुजबुज झाली. मग फडक्यातून सासऱ्यांचा आवाज आला, "कोन?"

"मी! शांताराम!"

"तुमी सांगितला तरी उघडायचा नाय, असा तुमीच सांगितलाय."

"अहो, पण तो भोंगा मीच होतो!"

"काय होता?"

"भोंगा! मी!"

आत पुन्हा कुजबुज. "डोक्यात गेलाय वायू," मैनाआत्या म्हणाली. "बिचारा."

"जावयबापू," सासरे कळवळून म्हणाले, "फडका ओला करा नि आडवे पडा. सरळ भोंगा झाला का लगेच उघडतो."

बरीच वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते घडलं होतं. या घराने माझं वाक्य मानलं होतं, शब्दान् शब्द.

मग मला सुचलं की सरळ भोंगा तर माझ्याकडेच आहे. मी टेबलाकडे धावलो आणि एकच पट्टी दाबून धरली. भों. शिंकेएवढा. संपला. पुन्हा दाबली. भों. लांब काही होईना. लांब करण्यासाठी भराभर दाबली तर भों-भों-भों-भों झालं, आणि घाईत बोट शेजारच्या पट्टीवर गेलं, तसं आतून एक बाई किंचाळली, "आता लय वाढलाय गो!" शेजारच्या घरात कोणीतरी आरती सुरू केली. मी ठेकाही बंद केला आणि हात काढून घेतला. चुलीवरचा रस्सा उकळत होता. एक कुत्रा मांडवात शिरला, त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मी काही करू शकणारा माणूस नाही हे ओळखून तो सुक्या मटणाच्या टोपाकडे गेला.

मी पायरीवर बसलो. विजयाचा शब्द गेला, कमूची हळद गेली, आणि उद्या आख्खी चिंचणी हे बोलणार. मला रडू येत होतं हे सांगायला आता लाज वाटत नाही.

तेवढ्यात मागचं दार किलकिलं झालं आणि विजया बाहेर आली. नाकाला पदर बांधलेला, दुसऱ्या हातात ओला टॉवेल. ती वाकून धावत माझ्यापर्यंत आली आणि तो टॉवेल तिने माझ्या तोंडावर दाबला. "आत चला! बाबा नाय म्हणत होते, मी मागल्या दाराने आले. मरायचंय का इथं बसून?"

तिला खरंच वायू सुटला आहे असं वाटत होतं, आणि तरी ती आली होती. मी टॉवेल बाजूला केला.

"विजू, तो भोंगा मी वाजवला. कीबोर्डवर."

तिने पदर खाली घेतला. कीबोर्डकडे बघितलं, नारळाकडे बघितलं, टोपात डोकं घातलेल्या कुत्र्याकडे बघितलं.

"हे आत कोणाला सांगितलंत?"

"सांगितलं. त्यांना वाटतं माझ्या डोक्यात वायू गेला."

"तसंच वाटू दे," ती शुद्ध मराठीत म्हणाली. "आता काही बोलू नका. मी बघते." विजया जेव्हा ‘मी बघते’ म्हणते तेव्हा ती बघते.

पण ती काही करायच्या आतच बोळाच्या तोंडाशी एक टेम्पो येऊन थांबला. देवूची गाडी आडवी. टेम्पोवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. पोंऽऽऽऽऽऽ. सरळ, लांब, एका सुरात.

आळीतले सगळे अडसर एकदम निघाले. दारं उघडली, माणसं नाकाला फडके लावून बाहेर आली, पाटावर बसलेला कमू बाहेर आला. आणि टेम्पोतून ढोल, ताशे, बेंजो, आणि मुरब्याची सबंध बेंजो पार्टी उतरली.

पार्टीचा मुख्य पंढरी पुढे येऊन सासऱ्यांच्या पाया पडला. "धर्माजीशेठ, तुमी बोललेले, जावयबापूंचा थोडा होऊ द्या, मंग या. झाला ना?"

सासऱ्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. म्हणजे निरोप धाडला होता, फक्त तो ‘येऊ नका’ असा नव्हता, ‘जरा मागाहून या’ असा होता.

"पन भोंगा कसला होता?" मैनाआत्याने विचारलं. सगळे थांबले.

"मॉक ड्रिल," विजया म्हणाली. पापणीही लवली नाही तिची. "कंपनीने यांना सांगितलेलं, न कळवता एकदा घ्या म्हणून. मार्चमध्ये शिकवलेलं लोकांच्या लक्षात आहे का ते बघायला."

सासऱ्यांनी फडका खाली घेतला आणि हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. "मेव्हन्याच्या हळदीत ड्यूटी!" ते पंढरीला म्हणाले. "बगा! जावय असावा तर असा! आनि आमी पास ना?" मी म्हणालो, पहिल्या वर्गात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी स्वतः सरबत आणून दिलं. कोणीतरी मला खुर्ची दिली. त्या सरबताचा पहिला घोट मला अजून आठवतो. दुसरा घोट घेता आला नाही.

कारण मैनाआत्या कमूची राहिलेली हळद लावायला निघाली होती, आणि हळदीचं परातभर साहित्य ठेवायला तिला एक टेबल दिसलं. चादर घातलेलं, वर काळी फळी. मी सांगितलंच आहे की तिला दिसतं कमी. तिने परात फळीवर ठेवली.

सगळ्या पट्ट्या आणि चारही बटणं एकदम दबली. नारळाच्या शेंड्यावरून भोंगा वाजला, त्यातून नवसी ओरडली, "घ्या वो बोंबीऽऽल!", कुकरने शिट्टी दिली, आणि मग आख्ख्या चिंचणीला ऐकू जाईल अशा माझ्या बायकोच्या आवाजात नारळ म्हणाला, "अहो, दूध उतू गेलं!" परात डुगडुगत होती, त्यामुळे हे सगळं पुन्हा झालं. भोंगा, बोंबील, शिट्टी, दूध. भोंगा, बोंबील, शिट्टी, दूध. मागे ठेकाही सुरू झाला होता.

अर्धे लोक फडके नाकाशी नेऊन थांबले होते. सासऱ्यांनी वर नारळाकडे बघितलं, मग विजयाकडे बघितलं. तिने पदर पुन्हा नाकाला लावला होता, या वेळी डोळ्यांपर्यंत. पहिल्यांदा चुलीशी भागी हसली, मग देवू, आणि मग सगळी आळी. पंढरी ढोलावर डोकं टेकवून हसत होता. पाटावरून न उठण्याची रीत असूनही कमू खाली लोळला. शेवटी विजयाही हसली, आणि ती हसली म्हणून मला जरा श्वास घेता आला.

सासरे नाही हसले. ते माझ्याजवळ आले आणि त्यांनी शांतपणे विचारलं, "जावयबापू, हे वाजला ते सॅम्पल?"

"हो."

"मगासचा भोंगा, तेबी सॅम्पल?"

"तेही."

"आनि तुमी?"

तेवढ्यात बेंजो सुरू झाला आणि हळद पहाटेपर्यंत चालली. तशी हळद त्या आळीत पुन्हा झाली नाही, असं लोक म्हणतात. विजयाचा शब्द राहिला, एवढं मी माझ्या बाजूने धरतो. कीबोर्ड मी मस्कतवाल्याला परत दिला तेव्हा त्याने बराच वेळ पिवळ्या पट्ट्यांवर बोट फिरवून विचारलं, "पानी से दूर रखा था ना?" मी म्हणालो, पाण्यापासून दूर ठेवला होता.

त्याला आता बरीच वर्षं झाली. चिंचणीत, मुरब्याला, जिथे म्हणून त्या घरचं कार्य असेल तिथे मी मांडवात पाय ठेवला की कोणीतरी तोंडाला हात लावून खालीवर भोंगा काढतो, बायका पदर नाकाला लावतात, दुसरा कोणी "दूध उतू गेलं" म्हणतो आणि नाच सुरू होतो. नव्या व्याह्यांनी ‘हे कोण?’ असं विचारलं, तर सासरे माझ्या खांद्यावर हात ठेवून आदराने सांगतात, "हे? हे आमचा सॅम्पल."

एवढासा तुकडा, आणि हवा तितक्या वेळा. मी एकदाच समजावून सांगितलं होतं, पण त्यांना ते नीट समजलं होतं. लोक अजून कंटाळलेले नाहीत.